लिफ्टसमोरचं ओलं : ठाण्यातल्या एका इमारतीत घसरून पडण्याचं प्रकरण

जुलैचा दुसरा आठवडा, सकाळचे आठ वाजून गेलेले. रात्रभर पाऊस लागून होता. अडुसष्ट वर्षांच्या एक काकू उपाशीपोटी रक्त द्यायला आमच्या इमारतीत आल्या होत्या. रिक्षातून उतरून त्या पायऱ्या नीट चढल्या, दारातून आत आल्या आणि लिफ्टसाठी रांगेत उभ्या राहिल्या. लिफ्ट आली, दार उघडलं. त्यांनी पाय पुढे टाकला आणि त्या कुशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, काही आठवडे अंथरुणात गेले आणि मग वॉकर आला.

इमारत ठाण्यात, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. सात मजले. तळमजल्यावर बँकेची शाखा, औषधांचं दुकान, झेरॉक्सवाला. पहिल्या मजल्यावर क्लासेस, तिसऱ्यावर रक्ततपासणीची लॅब आणि दोन दवाखाने, वर सगळी ऑफिसं. चौथ्या मजल्यावर माझं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे आणि गाळेधारकांच्या प्रिमायसेस सोसायटीची मी मानद सचिव आहे. म्हणजे काकू पडल्या त्या फरशीची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांच्यातलीच मी एक. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच की आम्ही सुरुवातीला जे कारण धरलं होतं ते चुकीचं होतं. आमच्यासारख्या शेकडो इमारतींमध्ये आजही तेच कारण धरलं जात असणार.

पहिली बैठक

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. पहिली दहा मिनिटं काकूंच्या चपलेवर गेली. चप्पल झिजलेली होती, पावसाळ्यात अशी चप्पल घालून येऊ नये, बरोबर कोणीतरी असायला हवं होतं. मग वयावर बोलणं झालं, मग पावसावर. कोणी म्हणालं, फरशी ओली असल्याचा पिवळा फलक तर ठेवलेलाच होता. तो खरंच ठेवलेला होता, आणि लॉबीतल्या कॅमेऱ्याच्या चित्रणात काकू त्याच्या शेजारून जाताना दिसतात. खजिनदारांची काळजी वेगळी होती: आपण दवाखान्यात भेटायला गेलो किंवा पैसे दिले तर ती चूक कबूल केल्यासारखं होईल का?

त्या बैठकीत मीही मान डोलावत होते. माझ्याही मनात आलं होतं की एवढ्या पावसात माणूस घसरणारच.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. काकू शुद्धीवर होत्या, बोलत होत्या. म्हणाल्या, "दारातून आत येताना मी जपून आले हो. तिथे ओलं असणार हे मला ठाऊक होतं. पण लिफ्टपाशी आल्यावर वाटलं, आता आलो आत." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दारापाशी जपून चालणारी बाई दारापासून तीस-पस्तीस फूट आत पडते. इतक्या आत पाणी आलं कुठून?

ओल्या जमिनीवर चालतोय हे ठाऊक असलं की आपण आपोआप चाल बदलतो. पावलं आखूड पडतात, टाच आधी न टेकता तळवा सपाट पडतो. कोरड्यात आल्याची खात्री झाली की चाल पुन्हा मोकळी होते, टाच आधी टेकायला लागते, आणि घसरायला तोच क्षण पुरतो. काकूंची चूक झाली नव्हती. त्यांनी जागेवर विश्वास ठेवला होता.

चित्रणात दिसलेलं

त्या सकाळचं कॅमेऱ्यातलं चित्रण मी आणि आमचे वॉचमन काका असं दोघांनी मिळून पाहिलं. नंतर आधीच्या आठवड्याच्या सकाळीही पाहायला घेतल्या. पडलेलं दुसरं कोणी नव्हतं. पण पाय सटकून सावरलेले लोक एकामागून एक दिसायला लागले. कोणी भिंतीचा आधार घेतला, कोणी पुढच्याचा खांदा धरला, एका कुरिअरवाल्या मुलाचं पार्सल हातातून गेलं. कोणी तक्रार केली नव्हती, कारण पडलं कोणीच नव्हतं. अशा लटपटी आम्ही मोजायला घेतल्या. मग मोजणी सोडली आणि तळमजल्याच्या नकाशावर लाल पेनाने खुणा करायला लागलो. दोन संध्याकाळींत चित्र स्पष्ट झालं. खुणा सगळीकडे पसरलेल्या नव्हत्या. त्यांचे तीन पुंजके झाले होते: पायपुसणं संपतं तिथे, रॅम्पच्या खालच्या टोकाला, आणि सगळ्यात दाट दोन लिफ्टच्या समोर.

दारापाशी, जिथे आमचा फलक उभा होता, तिथे एकही खूण नव्हती.

लिफ्टसमोरचं कोडं त्या सकाळचं चित्रण अर्ध्या तासाने मागे नेल्यावर उलगडलं. आमच्या दोन लिफ्टपैकी एक तीन दिवसांपासून बंद होती. सुटा भाग यायचा होता. लॅबमध्ये सकाळी सात ते नऊ गर्दी असते, त्याच वेळेला क्लासची मुलं येतात. एकच लिफ्ट चालू असल्यामुळे रांग लागायची आणि प्रत्येक जण तीन-चार मिनिटं एका जागी उभा राहायचा. हातात मिटलेली छत्री, टोक खाली. चालत्या माणसाच्या छत्रीचं पाणी वाटभर थेंब थेंब सांडतं. उभ्या माणसाच्या छत्रीचं पाणी एकाच फरशीवर साचतं. वीस माणसं, वीस छत्र्या, शिवाय रेनकोट आणि हेल्मेट. लिफ्टच्या दारासमोर बरोबर पाऊल टाकायच्या जागी डबकं तयार होत होतं.

आठ वाजता सफाईच्या मावशी आल्या. डबकं पाहून त्यांनी तिथे पोछा मारला. त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं. पण तो पोछा साबणाच्या पाण्याच्या बादलीतला होता आणि सकाळपासून तोच फिरत होता. पाणी पुसलं गेलं नाही, ते पसरलं. साचलेलं डबकं निदान डोळ्यांना दिसलं असतं. आता त्याच्या जागी चार फुटांवर साबणाचा पातळ, न दिसणारा थर होता. चार मिनिटांनी काकू पडल्या.

म्हणजे या अपघाताच्या साखळीत बंद लिफ्ट होती, लिफ्टच्या सुट्या भागाला झालेला उशीर होता, साबणाचं प्रमाण होतं, सफाईची वेळ होती. चप्पल होती, पण साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला. कारखान्यात कामगाराला बूट देता येतात. व्यापारी इमारतीत येणारा माणूस काय घालून येईल हे इमारतीच्या हातात नसतं. झिजलेली पीव्हीसीची चप्पल घातलेली, अडुसष्ट वर्षांची, उपाशीपोटी आलेली बाई हीच आमची नेहमीची पाहुणी आहे, असं धरूनच फरशी राखायला हवी होती.

मावशींशी झालेलं बोलणं

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या भागाची.

कंत्राटदाराने मावशींना बदलायची तयारी दाखवली होती. मी त्यांना ऑफिसात बोलावलं, चहा मागवला आणि विचारलं की या मजल्यावर पाणी कुठे कुठे येतं. त्यांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. "मॅडम, लिफ्टसमोर तर रोजच येतं. रॅम्पवरून आत येतं. जोराची झड आली की दारातून तिसऱ्या फरशीपर्यंत येतं. मी स्वतः मागच्या पावसाळ्यात दोनदा पडलेय. एकदा मनगट सुजलं होतं."

कोणाला सांगितलं होतं का, असं विचारलं.

"कोणाला सांगू? सुपरवायझर म्हणाला, जपून चालत जा."

मावशींचं पडणं कुठेच लिहिलं गेलं नव्हतं. ते कंत्राटदाराने लिहिलं नव्हतं आणि आम्हीही लिहिलं नव्हतं. कामावर असताना झालेली इजा म्हणून राज्य कामगार विम्यातून त्यांना उपचार मिळू शकले असते. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत, महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांना तो विमा लागू होतो आणि मावशींच्या पगारातून त्याची वर्गणी कापलीही जात होती. पण घटनेची नोंदच नसेल तर विमा काय करणार? मागच्या वर्षी ते मनगट कोणी वहीत लिहिलं असतं, तर काकूंचं खुब्याचं हाड वाचलं असतं असं मला आजही वाटतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्याशी बोलताना कळली. सफाईच्या करारात 'दिवसातून तीन वेळा ओला पोछा' असं कलम होतं. पाऊस असो वा नसो, आठ, एक आणि पाच. आम्ही पोछ्यांची संख्या विकत घेत होतो. फरशी कोरडी ठेवणं करारात कुठेच नव्हतं. मावशी करार तंतोतंत पाळत होत्या.

फरशी का घसरते

आमच्या लॉबीत काळा, आरशासारखा घोटलेला ग्रॅनाइट आहे. इमारत झाली तेव्हा त्याचं फार कौतुक झालं होतं. आजही नव्या इमारतीच्या माहितीपत्रकात झगमगती लॉबी पहिल्या पानावर असते.

कोरड्या फरशीवर चपलेचा तळ आणि दगड एकमेकांना भिडतात आणि घर्षण मिळतं. फरशी ओली असेल तर टाच टेकताना मधलं पाणी क्षणार्धात बाजूला सरकायला हवं. दगड खडबडीत असेल तर त्याची बारीक टोकं पाण्याचा पापुद्रा भेदून तळव्याला भिडतात. दगड घोटलेला असेल तर टोकंच नसतात, पाण्याला बाजूला जायला वाव नसतो आणि माणूस काही क्षण पाण्यावर तरंगतो. महामार्गावर गुळगुळीत टायरची गाडी पाण्यावरून घसरते ती याच कारणाने. ही टोकं फार मोठी लागतात असंही नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेच्या मार्गदर्शनात, स्वच्छ पाण्याने ओली होणारी फरशी कमी धोक्याची मानायला पृष्ठभागाचा खडबडीतपणा साधारण २० मायक्रॉनच्या वर असावा असं आहे. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. एवढ्या बारीक फरकावर हाड मोडतं की वाचतं हे ठरतं. आणि पाण्यात साबण किंवा तेल मिसळलं तर तेवढाही खडबडीतपणा पुरत नाही.

पहिल्या मजल्यावरच्या क्लासमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी एक ताणकाटा आणला. जुन्या चपलेवर विटा बांधल्या, एकूण वजन केलं आणि ती चप्पल काट्याने फरशीवरून ओढली. कोरड्या ग्रॅनाइटवर वजनाच्या निम्म्याहून जास्त ओढ लागली. ओल्यावर ती जेमतेम पाव भागावर आली. साबणाच्या पाण्यावर काटा वाचायच्या आतच चप्पल निघून गेली. कमिटीच्या सगळ्या सभासदांना आम्ही हे खाली बोलावून दाखवलं आणि त्यानंतर चपलेचा विषय कोणी काढला नाही.

मात्र हा प्रयोग प्रमाण मानू नका, असं सरांनी तेव्हाच बजावलं आणि ते बरोबर आहे. चप्पल हळू ओढली की पाण्याला सरकायला वेळ मिळतो आणि फरशी आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटते. खरी टाच वेगाने पडते. म्हणून जगभर लंबकाची चाचणी जास्त भरवशाची मानतात: एका लंबकाच्या टोकाला रबराचा तुकडा असतो, तो झोक्याने येऊन ओली फरशी घासत जातो आणि किती अडला त्यावरून आकडा मिळतो. २४ पर्यंत आकडा आला तर घसरण्याचा धोका मोठा, २५ ते ३५ मध्यम, ३६ किंवा वर असेल तर कमी. नवी फरशी घेताना विक्रेत्याला हा ओल्या अवस्थेतला आकडा विचारावा. बाजारात नुसतं 'अँटी-स्किड' असं छापलेल्या टाइल्स मिळतात, त्या शब्दाला आकड्याशिवाय अर्थ नाही. काही कंपन्या आर ९ ते आर १३ अशी जर्मन श्रेणी देतात. ती चाचणी तेल टाकलेल्या उतारावर, बूट घालून चालवून घेतात. आर ९ ही तिची सगळ्यात खालची पायरी आहे, पण विक्रेते ती बक्षिसासारखी सांगतात.

अजून एक गोष्ट घोटलेल्या काळ्या दगडाविरुद्ध जाते. तो कोरडा असतानाही ओला दिसतो. छतावरच्या पांढऱ्या दिव्यांचं प्रतिबिंब त्यात कायमच पडलेलं असतं. त्यामुळे खरं पाणी आलं तरी डोळ्याला फरक कळत नाही.

काय केलं, काय फसलं

पहिला उपाय फसला. दारात छत्र्यांसाठी स्टँड ठेवला. आठ दिवसांत त्यात तीन छत्र्या दिसल्या, त्याही वॉचमन काका आणि बँकेतल्या दोघांच्या. छत्री कोणी उचलून नेईल या भीतीने लोक ती खाली ठेवत नाहीत आणि परत जाताना पाऊस असला तर ती हातात हवीच असते. मॉलमध्ये देतात तशा प्लास्टिकच्या लांब पिशव्यांचा विचारही झाला. पण रोज शेकडो पिशव्या कचऱ्यात घालायच्या, तेही २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी असताना, हे कोणालाच पटलं नाही.

मग उलटा विचार केला. छत्री लिफ्टपर्यंत येणारच आहे. तर ती जिथे गळते तिथेच पाणी झेलायचं. लिफ्टच्या बाजूच्या भिंतीलगत कमरेच्या उंचीवर एक स्टीलचा दांडा लावला आणि त्याच्याखाली लांबट, जाळी असलेला ट्रे ठेवला. रांगेतला माणूस छत्री दांड्याला अडकवतो, ती नजरेसमोर राहते, पाणी ट्रेमध्ये जातं. लिफ्ट आली की छत्री घेऊन आत. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. एकाने अडकवली की मागचा आपोआप अडकवतो.

लिफ्टसमोरचा ग्रॅनाइटचा पट्टा काढून तिथे खरखरीत मॅट फिनिशच्या टाइल्स बसवल्या. सगळी लॉबी बदलायला पैसे नव्हते, आणि नकाशावरच्या लाल खुणांमुळे तशी गरजही नाही हे दिसत होतं. टाइल्स ग्रॅनाइटला अगदी समपातळीत बसवून घेतल्या, नाहीतर घसरण्याच्या जागी ठेच लागली असती. एका एजन्सीने ग्रॅनाइटवर रसायन लावून तो खरखरीत करून देण्याचा प्रस्ताव दिला होता. त्या रसायनात काय आहे असं विचारल्यावर हायड्रोफ्लुओरिक आम्ल निघालं. ते अंगावर उडालं तर कातडीच्या आत उतरून हाडापर्यंत इजा करतं. बंद लॉबीत, ज्या मजुरांना हातमोजे मिळतील की नाही याचीही खात्री नाही त्यांच्याकडून ते काम करून घ्यायला मी तयार नव्हते.

दारातल्या पायपुसण्याची गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची असेल. आमच्याकडे काथ्याचं एक पायपुसणं होतं, दोन पावलांत संपणारं. पाऊस वाढला की झेरॉक्सवाला त्यापुढे पुठ्ठे टाकायचा आणि कोणी गोणपाट आणायचं. ओला पुठ्ठा गुळगुळीत फरशीवर स्वतःच सरकतो. गोणपाट पायात अडकतं. काथ्या एकदा भिजला की पुढच्या माणसाच्या पायाला पाणी परत देतो, म्हणून तर लटपटींचा एक पुंजका पायपुसणं संपतं तिथे होता. आता दाराबाहेर जाळीदार जाड रबराची चटई आहे, चिखल आणि खडे तिथेच राहतात. आत नायलॉनची, रबरी पाठीची, पाणी शोषणारी चटई सलग टाकली आहे, लांब ढांगा टाकणाऱ्याचेही दोन्ही पाय दोन-तीनदा तिच्यावर पडतील एवढी. आतल्या चटयांचे दोन जोड घेतले, कारण एक दुपारपर्यंत भिजतोच. भिजलेला जोड सुकवायचा कुठे हा कोकणच्या जुलैतला अवघड प्रश्न आहे. गच्चीवर लिफ्टच्या खोलीशेजारी पत्र्याखाली दोऱ्या बांधल्या आणि जुना पंखा लावला. रात्रभरात चटया बऱ्यापैकी सुकतात.

आमचं दार पश्चिमेला आहे. कोकणात पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, म्हणजे झड सरळ आत. वरचा छज्जा दोन फुटांचा, शोभेपुरता. तो पुढे वाढवला आणि उंबऱ्याबाहेर आडवी नाली खणून तिच्यावर जाळी बसवली. रॅम्पचा ढाळ आतल्या बाजूला होता, त्याचं पाणीही आता या नालीत पडतं. रॅम्पवरचा घोटलेला दगड आणि पायऱ्यांच्या कडा पाथरवटाला बोलावून टाकी लावून खरखरीत करून घेतल्या. त्याआधी वर्षानुवर्षं आम्ही पायऱ्यांवर खरखरीत चिकटपट्टी लावत होतो. दमट हवेत तिचा गोंद दोन महिन्यांत सुटतो, कडा वर येते आणि तिच्यातच पाय अडकतो. जुन्या मुंबईतल्या इमारतींच्या काळ्या दगडी पायऱ्या आठवून पाहा: टाकीचे घाव असलेल्या, पावसात पाय घट्ट धरणाऱ्या. आपल्याकडच्या गवंड्यांना ही गोष्ट ठाऊक होती. आपणच ती घोटून काढली.

सफाईचा करार बदलला. आता त्यात पोछ्यांची संख्या नाही. सकाळची धुलाई साडेसहाच्या आत, लॅब उघडण्यापूर्वी. पाऊस चालू असताना दिवसा ओला पोछा बंद, फक्त रबरी वायपर आणि कोरडा मॉप. साबण मोजून, बाटलीच्या झाकणाने, आणि नंतर साध्या पाण्याचा हात. अर्धी लॉबी दोरी लावून बंद करायची, ती सुकली की दुसरी अर्धी. मावशींसाठी पकड असलेल्या तळव्याचे बूट करारातच घातले. पिवळा फलक आता जूनपासून सप्टेंबरपर्यंत उभा नसतो. पाणी दिसलं की तो येतो, फरशी सुकली की आत जातो. चार महिने एका जागी उभा असलेला फलक खांबासारखा होतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही.

लिफ्टच्या देखभालीचा करारही या प्रकरणात आला, हे कमिटीला आधी विचित्र वाटलं. पण पावसाळ्यात लिफ्ट बंद ठेवून करायची ठरीव कामं आता मे महिन्यात होतात, आणि एक लिफ्ट बंद पडली तर त्या दिवशी सात ते नऊ लिफ्टसमोर मॉप घेऊन एक माणूस उभा राहतो.

एका गोष्टीवर कमिटीत बराच वाद झाला. मुसळधार सरीत रस्त्यावरचे लोक आमच्या पायऱ्यांवर आडोशाला थांबतात. वॉचमन काका त्यांना हटकायचे, लोक कडेला सरकायचे आणि वरून उतरणाऱ्याला कठडा सोडून मधूनच, ओल्या कडेवरून वाट काढावी लागायची. मी त्या बैठकीत एल्फिन्स्टन रोड स्टेशनची आठवण काढली. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळच्या गर्दीच्या वेळी पाऊस आला, लोक पुलाच्या जिन्यावर आडोशाला थांबले, मागून लोकलमधून उतरलेली गर्दी येत राहिली आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. आमच्या चार पायऱ्यांची त्याच्याशी तुलना होत नाही. पण पाऊस आला की जिना हा लोकांचा निवारा होतो, ही गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. आता सर आली की काका लोकांना आत, झेरॉक्सच्या बाजूच्या भिंतीलगत बोलावतात आणि कठड्याची बाजू मोकळी राहते.

पैसे आणि वही

काकूंच्या उपचाराचा काही भाग सोसायटीने ठराव करून दिला. खजिनदारांच्या काळजीला मी एवढंच उत्तर दिलं की आपण काय दिलं यापेक्षा आपल्याला काय ठाऊक होतं हे आधी विचारलं जाईल. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ मध्ये फरशा, पायऱ्या आणि वाटा माणूस घसरेल अशा पदार्थांपासून मोकळ्या ठेवाव्यात असं स्पष्ट लिहिलं होतं. ते कारखान्यांसाठी होतं, आम्ही कारखाना नाही. पण ज्या जागेत लोकांना आपण येऊ देतो तिथे वाजवी काळजी घेण्याचं कर्तव्य आपल्यावर असतंच, आणि धोका माहीत असून काही केलं नाही तर बाजू मांडायला काही उरत नाही.

आता वॉचमनच्या टेबलावर एक वही आहे. पडलेला माणूस, सटकून सावरलेला माणूस, कुठे, किती वाजता, त्या वेळी तिथे काय होतं. पायातलं काय होतं हा रकाना मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. वहीत मावशी लिहितात, काका लिहितात, झेरॉक्सवालाही लिहितो. दर सोमवारी मी ती वाचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात आणि त्यांत साठीपुढची जास्त असतात. त्यांतली किती आपल्यासारख्या एखाद्या लॉबीत पडली असतील, आणि आधी तिथे किती जण सटकून सावरले असतील, हे वही वाचताना मनात येतं.

पुढच्या पावसाळ्यात कोणाचं हाड मोडलं नाही. पण वही रिकामीही राहिली नाही. दोन जण घसरले, दोघेही एकाच जागी: पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्याच्या वळणावर. लॉबीकडे लक्ष देताना जिना आमच्या नजरेतून सुटला होता. तिथल्या खिडकीच्या दोन काचपट्ट्या तुटलेल्या आहेत आणि झड आली की थेट वळणावर पाणी येतं. सध्या तिथे कठड्यालगत चटई टाकली आहे. काचवाला माप घेऊन गेला आहे, पट्ट्या गुरुवारी बसतील असं त्याने सांगितलं आहे. तोपर्यंत पाऊस चालू असेल तेव्हा मावशी दर अर्ध्या तासाने वायपर घेऊन तिथे जातात, आणि क्लास सुटायच्या वेळी मी स्वतः खाली उतरून बघते.